अनुशेषाच्या रकान्यात न मावलेले जगणे: महाराष्ट्रातील प्रादेशिक असमतोलाचा एक प्रकरण अभ्यास

प्रकरणाची मर्यादा

महाराष्ट्रातील प्रादेशिक असमतोलाची चर्चा राज्याच्या स्थापनेपेक्षा जुनी आहे. २८ सप्टेंबर १९५३ रोजी झालेल्या नागपूर करारात विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे तीन घटक मानून लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च करण्याचे, मराठवाड्याच्या मागासलेपणाकडे विशेष लक्ष देण्याचे आणि विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी नागपूरला भरवण्याचे ठरले होते. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१(२) मध्ये या प्रदेशांसाठी स्वतंत्र विकास मंडळांची, विकास खर्चाच्या समन्यायी वाटपाची आणि तंत्रशिक्षण व शासकीय नोकऱ्यांतील पुरेशा संधींची तरतूद झाली. ती मंडळे प्रत्यक्षात स्थापन व्हायला १९९४ साल उजाडले.

या सगळ्या इतिहासाचा आढावा येथे घ्यायचा नाही. असमतोल मोजताना नेमके काय मोजले गेले, आणि त्या त्या प्रदेशातील रहिवाशांना रोजच्या जगण्यात जे खुपते त्यातले कितपत त्या मोजणीत उतरले, एवढाच या अभ्यासाचा प्रश्न आहे. कोणत्या प्रदेशाला काय कमी मिळाले, यावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. वेगवेगळ्या प्रदेशांतील माणसे कशाकशाची काळजी करत जगतात, यावर त्या मानाने फारच थोडे. हे दोन प्रश्न एकच आहेत असे आपण गृहीत धरले आणि येथेच चूक झाली, असे माझे मत आहे.

मोजपट्टी कशी ठरली

१९८३ मध्ये राज्य शासनाने अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्रादेशिक असमतोलाबाबत सत्यशोधन समिती नेमली आणि एप्रिल १९८४ मध्ये तिचा अहवाल आला. समितीने रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, सर्वसाधारण शिक्षण, तंत्रशिक्षण, आरोग्य सेवा, पाणीपुरवठा, भूविकास व मृदसंधारण आणि पशुवैद्यकीय सेवा ही नऊ क्षेत्रे विचारात घेतली. प्रत्येक क्षेत्रात राज्याची सरासरी काढायची, जो जिल्हा तिच्या खाली असेल त्याची तूट नोंदवायची आणि ती तूट भरून काढायला जो खर्च येईल तो त्या जिल्ह्याचा अनुशेष मानायचा, अशी ही पद्धत होती. त्यानुसार एकूण अनुशेष ३,१८६.७८ कोटी रुपये निघाला. त्यात विदर्भाचा वाटा ३९.१२ टक्के, मराठवाड्याचा २३.५६ टक्के आणि उर्वरित महाराष्ट्राचा ३७.३२ टक्के होता.

या पद्धतीचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तोवर 'आमच्यावर अन्याय झाला' आणि 'झाला नाही' अशा दोन घोषणांच्या पलीकडे वाद जात नव्हता. दांडेकर समितीने त्या वादाला आकड्याचा आधार दिला, आणि आकडा खोडायचा असेल तर दुसरा आकडा आणावा लागतो. अनुशेष हा शब्द कार्यालयांतून निघून सभांमध्ये, वर्तमानपत्रांत आणि चावडीवर पोहोचला. पुढे नेमलेल्या निर्देशांक व अनुशेष समितीने १ एप्रिल १९९४ रोजीची स्थिती धरून हिशेब केला, तेव्हा रक्कम चौदा हजार कोटींच्या घरात गेली. दरम्यान किमती वाढल्या होत्या आणि ज्या सरासरीशी तुलना करायची ती सरासरीही पुढे सरकली होती.

मात्र या मोजपट्टीच्या पोटात तीन निवडी दडलेल्या होत्या. मोजायचे ते शासनाने उभारलेले साधन: किलोमीटर, हेक्टर, खाटा, जोडण्या. मोजायचे ते जिल्ह्याच्या पातळीवर. आणि तुलना करायची ती राज्याच्या सरासरीशी. निधीवाटपासाठी हे तिन्ही निर्णय समजण्यासारखे आहेत, कारण तिजोरीतून पैसा साधनांवरच खर्च होतो आणि आकडेवारी जिल्ह्यानिहायच मिळत असे. परंतु १९७१ मध्ये नीलकंठ रथ यांच्यासह दारिद्र्याचा अभ्यास करताना याच दांडेकरांनी माणसाच्या पोटात किती उष्मांक जातात, तेथून मोजणीला सुरुवात केली होती. ती मोजणी गरजेकडून निघाली होती, अनुशेषाची मोजणी पुरवठ्याकडून निघाली. या दोन दिशांमधले अंतर पुढच्या चाळीस वर्षांत ठिकठिकाणी उघडे पडले.

लातूरची गाडी, बीडचा कोयता

१२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला पोहोचली. दहा टाक्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते आणि ते तीनशेहून अधिक किलोमीटरचे अंतर कापून आले होते. त्याआधी मार्च महिन्यात शहरातील पाणी भरण्याच्या ठिकाणी कलम १४४ लागू करून जमावबंदीचा आदेश काढावा लागला होता. शहराला पाणी पुरवणारे मांजरा धरण कोरडे पडले होते.

हेच लातूर शिक्षणासाठी राज्यभर नावाजलेले आहे. 'लातूर पॅटर्न' हा शब्द कानावर न पडलेला दहावी-बारावीचा पालक महाराष्ट्रात विरळाच असेल, आणि दूरदूरचे विद्यार्थी तेथे खोल्या घेऊन राहतात. म्हणजे शिक्षणाच्या रकान्यात जे गाव इतरांना खेचून घेते, त्याच गावात त्या उन्हाळ्यात रहिवाशांची पहाट नळाला पाणी कधी येणार या एका प्रश्नाने सुरू होत होती. पाणीपुरवठ्याचा अनुशेष काढताना योजना, नळजोडणी आणि टाकी मोजता येते. उद्भवच आटला तर त्या योजनेचे काय होणार, याला त्या हिशेबात जागा नव्हती. शहरात नळ होते, टाक्याही होत्या आणि तरी पाणी रेल्वेने आणावे लागले. मराठवाड्यातील नागरिकाची काळजी सोय नसण्याइतकीच असलेली सोय भरवशाची नसण्याची आहे, आणि भरवसा हे एकक कोणत्याही समितीच्या तक्त्यात मला आढळलेले नाही.

लातूरला लागूनच असलेल्या बीड जिल्ह्यात हा प्रश्न आणखी खोल जातो. दिवाळीच्या आसपास येथील मोठी लोकसंख्या ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जाते. मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम, घेतली की नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो आणि उचल फिटेपर्यंत सुटका नसते. वर्षाचा जवळपास अर्धा काळ कुटुंब फडाच्या कडेला पालात राहते. अशा कुटुंबाच्या दृष्टीने गावातली शाळा, गावातले आरोग्य उपकेंद्र आणि गावातला नळ या तिन्ही सोयी वर्षातले कित्येक महिने बंद असल्यासारख्याच असतात, कारण तेव्हा तेच गावात नसतात. म्हातारी माणसे आणि कधी कधी शाळकरी मुले मागे राहतात. हंगामी वसतिगृहे आणि ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठीच्या साखरशाळा हे उपाय झाले, पण ते स्थिर गाव गृहीत धरणाऱ्या व्यवस्थेला मागाहून जोडलेले आहेत.

या स्थलांतराने काय केले, याचा एक भीषण पुरावा २०१९ मध्ये समोर आला. बीडमधील ऊसतोड महिलांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण असाधारण असल्याच्या तक्रारींवरून शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सर्वेक्षणातील ८२ हजारांहून अधिक महिलांपैकी १३ हजारांहून अधिक महिलांची गर्भाशये काढली गेली असल्याचे निष्पन्न झाले. फडावर शौचालय नाही, न्हाणी नाही, पाळीच्या दिवसांत सुट्टी घेतली तर खाडा, म्हणजे दंड, लागतो, आणि पोटदुखीची तक्रार घेऊन गेले की शस्त्रक्रियेचा सल्ला तयार असतो, असे हे चक्र आहे. २०११ च्या जनगणनेत याच जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे फक्त ८०७ मुली होत्या. रुग्णालयांची आणि खाटांची संख्या वाढली तर आरोग्याचा अनुशेष घटतो. बीडमध्ये प्रश्न रुग्णालयाच्या आत काय घडते हा होता, आणि तेथे खाटा मोजून काहीच कळणार नव्हते.

कोकणात छेद कमी झाला

कोकणचे उदाहरण वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचे आहे. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि तरीही एप्रिल-मे महिन्यांत डोंगरउतारावरच्या वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. जांभा खडक पाणी धरून ठेवत नाही, उतार तीव्र आहे आणि नद्या आखूड आहेत, त्यामुळे पडलेले पाणी पाहता पाहता समुद्राला मिळते. तरीही कोकणी कुटुंबाला सर्वांत जास्त काय सलते असे विचारले, तर पाण्याच्या आधी बहुधा बंद घराची गोष्ट निघेल. २००१ ते २०११ या दशकात राज्याची लोकसंख्या वाढत असताना रत्नागिरीची ४.८२ टक्क्यांनी आणि सिंधुदुर्गाची २.२१ टक्क्यांनी घटली. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया आहेत. हा आकडा समतेचा मानता येत नाही. कमावते पुरुष मुंबईला गेल्याचा तो हिशेब आहे.

येथे मोजपट्टीतला एक दोष स्पष्ट दिसतो, आणि त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही असे मला वाटते. दरडोई मोजल्या जाणाऱ्या कोणत्याही सोयीत लोकसंख्या छेदस्थानी असते. माणसे निघून गेली की छेद लहान होतो आणि दर लाख लोकसंख्येमागचे रस्ते, खाटा, शिक्षक आपोआप वाढतात. एकही नवा शिक्षक न नेमता शिक्षक-विद्यार्थी प्रमाण सुधारते आणि पुढे तेच प्रमाण पटसंख्या कमी म्हणून शाळा बंद करण्याचे कारण होते. गाव जितके रिकामे होईल तितके ते कागदावर संपन्न दिसेल, अशा मापाने कोकणाचे दुःख मोजताच येत नाही. वाडीतल्या एकट्या वृद्धेला रात्री ताप चढला तर तिला रिक्षापर्यंत कोण नेणार, हा तेथील आरोग्याचा खरा प्रश्न आहे.

विदर्भाचे दोन भाग

विदर्भाचा उल्लेख एका दमात होत असला तरी त्याच्या पूर्व आणि पश्चिम भागांतील काळज्या एकमेकींसारख्या नाहीत. पश्चिम विदर्भात कोरडवाहू कापूस, सोयाबीन आणि कर्ज यांचा प्रश्न आहे. २००६ च्या जुलैमध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी यवतमाळ, अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाणा आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर केली. तिचा निम्म्याहून अधिक भाग, म्हणजे २,१७७ कोटी, सिंचनासाठी होता, तर थकलेल्या व्याजाच्या माफीसाठी ७१२ कोटी होते. सिंचन हवेच, त्याबद्दल दुमत नाही, आणि अमरावती विभागातील सिंचनाचा अनुशेष इतरांच्या कितीतरी मागाहून रेंगाळत राहिला हेही खरे आहे. परंतु ज्या शेतकऱ्याला पेरणीच्या तोंडावर सावकाराचे दार गाठावे लागत होते, त्याची काळजी या हंगामाची होती आणि धरणाला वर्षे लागतात. संकट कर्जाचे होते. उत्तराचा मोठा भाग मात्र मोजणीत आधीच असलेल्या रकान्यातून आला.

पूर्व विदर्भात चंद्रपूरचे उदाहरण घेतले तर मोजणी जवळजवळ उलटीच पडते. येथील औष्णिक वीज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे आणि तिच्यावर राज्यभरातले दिवे लागतात. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांसह अतिप्रदूषित क्षेत्रांत चौथ्या क्रमांकावर आले. नऊ क्षेत्रांच्या हिशेबात वीज येते ती जोडणीच्या रूपाने. वीज तयार होताना अंगणात पडणारी राख, कोळशाची धूळ आणि तापलेला उन्हाळा हे तिचे रूप त्यात नाही. विकासाने दिले नाही, ही तक्रार मोजता आली. विकासाने जे लादले त्याची तक्रार कोठे नोंदवायची, हे कोणी ठरवलेच नाही. त्याच जिल्ह्यात ताडोबाच्या भोवतालच्या गावांत मोहफुले वेचायला किंवा तेंदूपाने तोडायला जाणाऱ्या बाईला वाघाची धास्ती असते. पर्यटनाच्या नकाशावर जो वाघ वैभव आहे, तोच तिच्या दिवसाच्या कामातला धोका आहे.

त्याच्याही पलीकडे गडचिरोलीत पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. तेथे रस्त्याची लांबी किती, यापेक्षा तो वर्षातले किती दिवस वापरता येतो, हे बाळंतपणाच्या वेळी निर्णायक ठरते.

'उर्वरित' या शब्दाखाली

सर्वांत जास्त गैरसमज 'उर्वरित महाराष्ट्र' या नावाने निर्माण झाले आहेत. विदर्भ आणि मराठवाडा वजा केल्यावर जे उरले त्याला हे नाव मिळाले, आणि बोलण्याच्या ओघात त्याचा अर्थ 'पुढारलेला महाराष्ट्र' असा होऊन बसला. २०१२ च्या मानव विकास अहवालात राज्याचा निर्देशांक ०.७५२ होता. सर्वांत वर मुंबई होती, ०.८४१ वर. सर्वांत खाली नंदुरबार होते, ०.६०४ वर, म्हणजे गडचिरोलीच्या ०.६०८ पेक्षाही किंचित खाली. मुंबई आणि नंदुरबार हे दोन्ही जिल्हे उर्वरित महाराष्ट्रात येतात. राज्यातले सर्वांत उंच आणि सर्वांत खोल टोक एकाच पिशवीत घालून तिची सरासरी काढली, तर ती सरासरी कोणाच्याच जगण्याची नसते.

मुंबईच्या काळज्यांविषयी फार लिहिण्याची गरज नाही, कारण त्या आधीच सर्वांत मोठ्या आवाजात ऐकू येतात. उत्पन्न आहे, पण जागा आणि वेळ नाही. २०११ च्या जनगणनेनुसार शहरातील सुमारे ४१ टक्के लोक झोपडपट्टीत राहत होते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि तेव्हापासून जुलैतला प्रत्येक जोरदार पाऊस मुंबईकर घड्याळाकडे पाहत काढतो.

जिल्ह्याची सरासरी किती फसवी असते, हे पाहायला साताऱ्यापेक्षा चांगले उदाहरण सापडणार नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. सरळ रेषेत शंभर किलोमीटरही दूर नसलेल्या माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास रेंगाळतो. जिल्हा एकच आहे आणि पालकमंत्रीही एकच, पण पश्चिमेकडच्या गावाला दरड कोसळण्याची भीती आणि पूर्वेकडच्या गावाला चारा छावणीची चिंता असते. शेजारच्या कोल्हापूर-सांगलीत २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला, तेव्हा त्याच सांगली जिल्ह्यातील जत आणि आटपाडी तालुके दुष्काळाच्या यादीत नेहमीचे होते. पश्चिम महाराष्ट्राला सगळे मिळाले, असे म्हणणाऱ्याने माणमधल्या मेंढपाळाला आणि शिरोळमधल्या पूरग्रस्ताला एका रांगेत उभे करून पाहावे.

तालुका, लिटर आणि निळी बस

अर्थतज्ज्ञ विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखाली प्रादेशिक असमतोलावर नेमलेल्या उच्चस्तरीय समितीने ऑक्टोबर २०१३ मध्ये आपला अहवाल दिला, आणि या प्रकरणातील खरे वळण माझ्या मते तेथे आहे. २०११ मध्ये नेमल्या गेलेल्या या समितीने जिल्ह्याऐवजी तालुका हे एकक पुढे आणले, आदिवासी भागांचा वेगळा विचार केला आणि पाण्याबाबत ग्रामीण-शहरी असा भेद न करता दर माणशी दर दिवशी १४० लिटर पाणी मिळावे, अशी शिफारस केली. योजना किती झाल्या या प्रश्नाच्या जागी माणसाच्या वाट्याला किती पाणी आले हा प्रश्न येणे, ही छोटी गोष्ट नव्हती. त्या शिफारशीचे महत्त्व कळण्यासाठी एवढेच लक्षात घ्यावे की २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनचे ग्रामीण भागासाठीचे प्रमाण दर माणशी ५५ लिटर आहे. अहवाल विधिमंडळात मांडला गेला, त्यावर प्रादेशिक अस्मितेच्या अंगाने भरपूर वाद झाला आणि लिटरचा प्रश्न त्या वादात मागे पडला.

तालुक्याला एकक मानून काम करता येते, याचा दाखला मात्र त्याआधीपासून हाताशी होता. २००६ मध्ये १२ जिल्ह्यांत सुरू झालेले आणि २०११ मध्ये २२ जिल्ह्यांतील १२५ तालुक्यांपर्यंत वाढवलेले मानव विकास मिशन जिल्ह्याच्या पाठीमागे लपलेल्या तालुक्यापर्यंत पोहोचले. त्यातली सर्वांत नेमकी योजना मला मुलींच्या बसची वाटते. गावात माध्यमिक शाळा नाही, दुसऱ्या गावातली शाळा काही किलोमीटरवर आहे, वाटेत निर्जन पट्टा आहे आणि म्हणून सातवीनंतर मुलगी घरी बसते, ही पालकाची अडचण ओळखून शाळेच्या वेळेला गावात येणारी निळी एसटी सुरू झाली. शिक्षणाच्या अनुशेषाने येथे आणखी एक शाळाखोली मागितली असती. आईबापांना हवी होती ती वाटेतल्या सुरक्षिततेची हमी. ज्या तालुक्यात ही बस वेळेवर येते तेथे मुलगी बारावीपर्यंत पोहोचण्याची शक्यता उरते, आणि जेथे ती वारंवार रद्द होते तेथे पालक पुन्हा जुन्या हिशेबाकडे वळतात. बसची संख्या मोजली, तर हा फरक दिसणार नाही. महिन्यातल्या फेऱ्या मोजल्या, तर दिसेल.

विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. सप्टेंबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्यांच्या पुनर्गठनाचा निर्णय घेतला. मंडळे पुन्हा कामाला लागतील तेव्हा त्यांच्यासमोर पहिला प्रश्न निधीच्या टक्केवारीचा येईल, कारण त्यावर भांडण्याची सर्वांना सवय आहे. त्याआधी प्रत्येक तालुक्यातून काही साधे प्रश्न विचारून घेता येतील: गेल्या उन्हाळ्यात नळाला किती दिवस पाणी आले, पावसाळ्यात रस्ता किती दिवस बंद होता, गावातली किती घरे वर्षातले सहा महिने कुलूपबंद असतात, आणि रात्री आजारी माणसाला दवाखान्यात पोहोचवायला किती तास लागले. नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा आणि धडगावमधील नर्मदाकाठच्या पाड्यांवर यातल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर रस्त्याच्या किलोमीटरमध्ये देता येत नाही, कारण तेथे रुग्णाला होडीतून न्यावे लागते, आणि होडी हे नऊपैकी कोणत्याच क्षेत्राचे एकक नाही.